दोन माठांचं घर

मयूरी कोणाच्याही घरी गेली की पाण्याचा पेला हातात घेऊन थांबायची. ओठाला लावण्याआधी घरातल्या बाईला विचारायची, "काकू, तुमी पेता तेच पानी हाय काय हे?" बाई गोंधळायची. मयूरी म्हणायची, "सांगा नं. मी काही कोनाले सांगत नाही." उत्तर 'नाही' असं आलं की पेला परत द्यायची, सरळ स्वयंपाकघरात जायची आणि आतल्या माठातलं पाणी प्यायची.

हे वागणं कळायला अकोटहून पूर्णेकडे उतरत जाणारा मुलूख ठाऊक हवा. तो खारपाणपट्टा. काळी जमीन कापसाला आणि हरभऱ्याला चांगली, पण विहीर खणा की बोअर मारा, पाणी खारंच लागतं. तिथल्या कित्येक घरांत दोन माठ असतात. ओसरीवरचा माठ पाहुण्यांचा, त्यात टँकरचं किंवा लांबून आणलेलं गोड पाणी. आतला माठ घरच्यांचा, त्यात खारं. पाहुण्याला आतलं पाणी देणं म्हणजे त्याला उपाशी परत पाठवण्यासारखंच.

मी अमरावतीची. अकोटच्या एका महाविद्यालयात शिकवते आणि विद्यार्थ्यांचं हिवाळी श्रमदान शिबिर माझ्याकडे असतं. मला याद्या करायची सवय आहे: टिकाव, घमेली, बॅटऱ्या, औषधं, मुलींच्या पालकांचे फोन. शिबिराचं गाव ठरलं की मी आधी एक चक्कर मारून येते. त्या वर्षीचं गाव मयूरीचं होतं. ती आमच्याकडे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. मागच्या बाकावर बसायची, प्रात्यक्षिकाला मात्र सगळ्यांच्या पुढे. बुटकी, काटक, आणि बोलताना समोरच्याच्या अगदी डोळ्यांत पाहणारी.

तिच्या घरी बसले तेव्हा तिनं माझ्यासमोर दोन पेले ठेवले. "मॅडम, दोन्ही चाखून पाहा."

पहिला गोड लागला. दुसऱ्याचा घोट तोंडात तसाच राहिला. थुंकताही येईना, गिळवतही नव्हता. तेवढ्यात तिची आई, शोभाताई, आतून आल्या आणि पेले बघून कपाळाला हात लावला. "अवं पोट्टे, मॅडमले खारं पानी पाजून राहिली? लाज हाय का नाही तुले?"

"यादी कराले आल्या नं त्या? मंग यादीत हे पानीबी येऊ दे."

मी वही उघडली आणि पहिल्या ओळीच्याही वर 'पाणी' लिहिलं. मयूरीनं मान वाकडी करून ते वाचलं आणि समाधानानं चहा आणायला गेली.

"चाखून पाह्यलं काय?" हे तिचं पेटंट वाक्य. वर्गात कोणी परीक्षेची बातमी आणली, ग्रामसेवकानं 'पाण्याचा अहवाल ठीक आहे' म्हटलं, एखाद्या मुलानं नव्या नवरीच्या माहेराविषयी काही सांगितलं, की मयूरीचं हेच: "तू चाखून पाह्यलं काय?" मुलं तिला चिडवायला गरम चहा पुढे करून म्हणत, "घे, चाख."

गेलेल्या वडिलांविषयी ती फारसं बोलत नसे. शिबिरात भांडी घासताना एकदाच बोलली. त्यांच्या किडन्या बिघडल्या होत्या. अकोल्याच्या डॉक्टरांनी पाणी बदलायला सांगितलं. "ओसरीत गोड पान्याचा माठ भरून राहे, मॅडम. बाबा त्याच्या बाजूलेच बाज टाकून झोपे. पन त्या माठाले हात नाही लावला त्यानं. मने, पावना आला तं काय देशीन?" ती कढई घासत राहिली. "मले त्याचा रागच येते अजून." आणि मग जरा वेळानं, "आठवनबी येते."

शिबिर संपलं, पण मयूरीनं गावातली मुलं-मुली सोडली नाहीत. तळं खणायचं, पावसाचं पाणी धरायचं आणि ते गावानं वर्षभर प्यायचं, असं तिनं ठरवलं. जागा एकच होती: ई-क्लासची, म्हणजे गावाची चराईची जमीन. तिथे नामदेवकाकांची ढोरं चरत. गावात सर्वांत मोठा कळप त्यांचा आणि सर्वांत मोठा आवाजही त्यांचाच. ग्रामसभेत ते उभे राहिले. "एक पावसाळा देतो. पानी गोड राह्यलं तं तळं तुमचं. खारं झालं तं बुजवा, आन् जागा माया ढोराईले वापस." तसा ठराव झाला.

इतर मुलखात तळं जितकं खोल तितकं चांगलं. खारपाणपट्ट्यात उलटं असतं. वरचा काळ्या मातीचा चिकट थर पाणी धरून ठेवतो. तो फोडून खाली गेलं की खार लागतो. हे मयूरीला पक्कं माहीत होतं. तिनं बांबूवर खूण करून ठेवली होती आणि खोदाईच्या मशीनवाल्यालाही बजावलं होतं. काम संपत आलं त्या संध्याकाळी मशीन परत निघणार होतं. काठावर सगळं गाव जमलेलं. तिच्या बरोबरीची मुलं ओरडायला लागली, "अजून खोल! मयूरीच्या बाबाच्या नावानं अजून एक थर!" मशीनवाल्यानं तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "घ्या."

त्या पावसाळ्यात तळं भरलं. दिवाळीला गावानं गोड पाणी प्यायलं. प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेत मयूरीचा सत्कार ठरला आणि पाहुणी म्हणून मला बोलावणं आलं.

जानेवारीतही तळ्याचं पाणी जिभेला गोडच लागत होतं, पण गावातल्या बायका किराणा दुकानदाराला शिव्या घालायला लागल्या. जुनी तुरीची डाळ देतो, सकाळपासून चढवली तरी शिजत नाही. शोभाताईंनी दुकान बदललं, तरी डाळ तशीच. मग त्यांनी टँकरच्या पाण्यात मूठभर डाळ टाकली. ती मऊ शिजली. त्यांनी दार लोटलं आणि लेकीला म्हणाल्या, "सत्कार होऊ दे. मंग पाहू." हे मला त्यांनीच नंतर सांगितलं.

सत्काराला मी ताटात शाल-श्रीफळ घेऊन बसले होते. मयूरी आली ती हातात मोठं पातेलं घेऊन. पळसाच्या द्रोणांत तिनं सगळ्यांना डाळ वाढली. सरपंचांनी विचारलं, "प्रसाद हाय काय वं?"

"चाखून पाहा."

सगळीकडे कचकच आवाज आला. नामदेवकाकांनी दातात अडकलेला दाणा बोटानं काढला आणि तिच्याकडे पाहिलं.

"दुकानदाराची डाळ चांगली हाय," ती म्हणाली. "तळ्याचं पानी खारं झालं, म्हनून शिजत नाही. खुनेच्या खाली खोदाचं नव्हतं. बाबाचं नाव घेतलं आन् मले नाही म्हनता आलं नाही. घ्या म्हनली ते मी. बाकी पोट्ट्याईले बोलू नका. ठरावापरमानं जागा नामदेवकाकाची." आणि ती खाली बसली. शोभाताईंनी पदर तोंडाला लावला. मागे बसलेली मुलं माना खाली घालून होती.

नामदेवकाकांनी द्रोण खाली ठेवला. मग म्हणाले, "सगळं बुजवा लागते काय?"

"नाही जी. खालचा थर. काळी माती टाकून तुडवा लागते. घट्ट."

"कोन तुडवते? हे पोट्टे? याईचे पाय बुलेटवर अन् डोये मोबाईलवर." सभा हसली. काका हसले नाहीत. "जागा माया ढोराईची व्हती. तं तुडवतीनही ढोरंच. अजून एक पावसाळा देल्ला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, ती शाल ठेवून द्या. डाळ शिजली का मंग देऊ."

त्या उन्हाळ्यात मी गेले तेव्हा तळ्याच्या तळाशी म्हशी गोल फिरत होत्या. मुलं माती टाकत होती, पाणी शिंपडत होती. कळपामागे काठी घेऊन मयूरी, गुडघ्यापर्यंत चिखल, तोंडाला ओढणी बांधलेली. काका काठावरून ओरडत होते, "अवं, तिले मारू नको, नावानं बोलाव! चंद्री हाय ते!"

"चल वं चंद्री," मयूरी म्हणाली आणि मला पाहून हात हलवला. "मॅडम! तुमच्या शिबिराच्या यादीत म्हशी व्हत्या काय?"

नव्हत्या. आता आहेत; घमेल्यांच्या खाली.

मयूरी पास झाली आणि दर्यापूरकडच्या एका गावात कामाला गेली. तेही खारपाणपट्ट्यातलंच गाव. जाताना अकोटच्या स्टँडवर मला भेटली. मी तिला एक यादी करून दिली होती. तिनं ती नीट वाचली आणि म्हणाली, "यात झोप लिवाची राहून गेली, मॅडम." मी तिच्या हातून पेन घेऊन ती ओळ घातली. एसटी सुटली तेव्हा खिडकीतून ओरडली, "लिवली, पन जमन की नाही ते चाखून पाहा लागते!"

परवा संक्रांतीनंतर तिच्या मूळ गावावरून जाताना सहज शोभाताईंकडे उतरले. थंडी होती, त्यांच्या अंगावर सत्काराची ती शाल होती. ओसरीत मी सवयीनं माठाकडे पाहिलं. तिवई रिकामी होती. शोभाताईंनी आतून पाण्याचा तांब्या-पेला आणला.

मी पेला धरून थांबले. "ताई, तुम्ही पिता तेच का हे?"

त्या हसल्या. "आता एकच माठ हाय, मॅडम."

"मग ओसरीतला कुठे गेला?"

"मयूरी घिऊन गेली. तिकडं अजून दोन लागतात म्हने." त्यांनी रिकाम्या तिवईवरून हात फिरवला, मग पदर खोचला. "बसा. जेवल्याबिगर जाऊ नका. डाळ आत्ता शिजते."