वाकडं बोट

साकोलीच्या सराफाने, मी स्वतःसाठी निवडलेली अंगठी माझ्या डाव्या अनामिकेत घालून पाहिली. ती मधल्या पेरावर अडली. "मावशी, बोट वाकडं आहे. दुसऱ्या बोटात घाला ना," तो म्हणाला. आणि मला घामाने भिजलेल्या चामड्याचा वास आला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भंडाऱ्याच्या मैदानावर कॉलेजच्या मुलींच्या सॉफ्टबॉलची फायनल होती. आमच्याकडे ग्लोव्ह चारच होते. बाकीच्या पाच जणी समोरच्या टीमचे वापरायच्या. पाळी बदलली की ग्लोव्ह मैदानातच ठेवून जायचे, अशी रीत होती. शेवटच्या पाळीला त्यांची कॅप्टन आपले सगळे ग्लोव्ह उचलून घेऊन गेली. पंच म्हणाले, तिच्या वस्तू आहेत, मी काय करू?

"ने ना!" आमची कुसुम ओरडली. "रोवणा का ग्लोव्ह घालून करतो आमी?"

चिखलात भात रोवणारे तेच हात पसरून आम्ही पाच जणी उभ्या राहिलो. सणसणत आलेला शेवटचा बॉल मी झेलला. बोटात काडकन वाजलं, पण मूठ मी उघडली नाही. कप कॉलेजच्या कपाटात गेला.

घरी आईने हळद लावली. "पाहुणे इचारतीन तं दारात चेपलं म्हणजो."

"काहून? फायनलचा बॉल झेलला म्हणीन."

तसंच सांगितलं, तीन ठिकाणी. तिन्हीकडून नकार आला.

"अंगठी वाढवा," मी सराफाला म्हटलं. "बोट हेच राहील."