मिशी महादेवाची, संशय सखारामावर

त्या डिसेंबरात धारगळात बातमी अशी होती की सखाराम पाडेलीने पणजीला जाऊन एका बाप्याशी लग्न लावलं, तेही नऊवारी नेसून. सकाळी सायकलवरून पाव आणणारा पदेर भोंगा वाजवायचा थांबून आवाज खाली आणायचा, "आयकलात मगे? आमचो सखाराम तसलो निघालो." नळावर चंद्रावतीकाकीची कळशी भरून वाहायला लागली तरी तिचं तोंड थांबत नसे, "फोटो इलोसा गो पेपरात! पदर बिदर घेवन! बिचाऱ्या रुक्मिणीचा कसा जावचा आता?" आणि म्हापशाच्या बसचा कंडक्टर सुटे पैसे परत करताना न विचारता सांगून मोकळा व्हायचा, "लगीन मळ्यार लागला. अंतरपाट होतो. माज्या मेव्हण्यान बघल्यान."

खरं ते आधीच सांगून टाकलेलं बरं. लग्नही नव्हतं आणि अंतरपाटही नव्हता. सखाराम तसला नव्हे. तो रुक्मिणीवयनीचा घोव आणि दोन मुलींचा बाप. लग्नाआधी रुक्मिणी दिसावी म्हणून हा तिच्या बापाच्या माडांवर इतक्या वेळा चढला की त्या वर्षी त्यांच्या घरात सगळे नारळ कोवळेच उतरले. शेवटी म्हातारा वैतागून म्हणाला होता, "मुलगी घेवन जा मेल्या, पण माड सोड." फोटो मात्र खरा होता.

सखारामचं काम दोन तऱ्हेचं. दिवसा तो नारळ पाडायचा, म्हणून पाडेली. कार्तिक लागला की बाबाजीच्या दशावतारी कंपनीत राणी व्हायचा. दशावतारात बायका नसतात, राणीही बाप्यानेच करायची. सखारामची राणी पेडण्यापासून सावंतवाडीपर्यंत माहीत होती. कमरेचा कोयता खुंटीला लावून तो रंगाला बसला की बाबाजीसुद्धा त्याला अहोजाहो करू लागे. त्याचं म्हणणं एकच, "बाई चलता तेव्हा आदी पदर चलता, मगे पाय." बाकी मेकअप उतरला की त्याच्या चालीत राणी औषधालाही सापडायची नाही. तसाच फेंगडा, माडावर चढून चढून झालेला.

पण गावाचा हिशेब सोपा. राणी करतो, म्हणजे काहीतरी असणारच. गंमत अशी की कंपनीतला राक्षस करणारा महादेव माणसं खात असेल, असं कधी कोणी म्हटलं नाही.

हा महादेव डिचोलीचा, खनिजाचा ट्रक चालवणारा. खाणी बंद पडल्यापासून त्याचा ट्रक ताडपत्रीखाली उभा होता, चाकांना गवत गुंडाळलेलं. अंगाने दांडगा, आवाज असा की पहिल्या रांगेतली पोरं आयांच्या मांडीत शिरायची, आणि मिशी खरी. राक्षसाला मिशी चिकटवावी लागत नाही असा राक्षस, यावर बाबाजीचा मोठा गर्व.

एका संध्याकाळी मांद्र्याच्या देवळामागे दोघे एकाच आरशासमोर रंग लावत बसले होते. महादेव म्हणाला, "सखाराम, एक सांगू?"

"सांग." सखारामच्या तोंडात पिना होत्या.

"माजा मन बायलांवर बसणा नाय. कदीच बसाक नाय. माजा मन दादल्यांवर बसता."

सखारामने अंबाड्याला एक पिन लावली. मग दुसरी लावली. "बरां. ती गजऱ्याची पुडी दी हयसर."

महादेव पुडी हातात धरून बसला. "इतक्यांच?"

"मगे काय, आरती ओवाळू तुजी?"

त्या दिवसापासून दोघांची मैत्री जी बसली ती बसलीच.

डिसेंबरात दिल्लीच्या वरच्या कोर्टाने तो इंग्रजांच्या वेळचा कायदा पुन्हा उभा केला. बाप्या बाप्याबरोबर राहिला तर तो गुन्हा, असं परत ठरलं. पणजीत लोक निषेधाला जमणार होते. महादेव मोटरसायकल घेऊन सखारामच्या अंगणात आला. "एकट्याक धीर होणा नाय. येतलस?" सखारामने कोयता ठेवला आणि मागे बसला.

पणजीत बहुतेक शहरातली पोरंपोरी होती. घोषणा इंग्रजी. सखारामला शब्द एकही कळेना, पण ताल कळला, आणि तालावर तो तोंड उघडत राहिला. महादेवने घरून पुठ्ठा आणला होता, त्यावर कोळशाने लिहिलेलं, 'मी गुन्हेगार नाय'. तेवढ्यात एका मुलीने सगळ्यांच्या हातात इंद्रधनुष्याच्या रंगांची फडकी दिली. बाकीच्यांनी ती फडकवली. सखारामच्या हातात तलम कापड आलं आणि हातांनी जे आयुष्यभर केलं तेच केलं. निऱ्या, खांद्यावरून पदर, टोक कमरेला खोचलेलं. त्याला कळलंसुद्धा नाही. फोटोवाल्याला मात्र कळलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात मधोमध सखाराम, पदर घेऊन, राणीसारखा ताठ. कडेला अर्धी मिशी आणि पुठ्ठ्यावरचं 'नाय' एवढंच.

मिशी सगळ्यांनी ओळखली. पण गावाने त्याचा अर्थ लावला तो असा, की सखारामला सांभाळायला महादेव गेला असणार, शहाणा माणूस.

हे कानावर आलं तसा महादेव डिचोलीहून आला आणि धारगळच्या हॉटेलात भरल्या बाकड्यांसमोर उभा राहिला. "आयका मरे सगळे. सखाराम तसो नाय. तसो मी आसंय."

सगळ्या बाकड्यांनी त्याच्याकडे बघितलं. मग असा हशा झाला की एकाची भजी घशात अडकली. "गेलो मेलो!" कोणीतरी डोळे पुसत म्हणाला. "दोस्तासाठी काय काय बोलता बघ! मिशी बघ तुजी, मिशी!"

"मिशयेचो काय संबंद?" महादेव म्हणाला. पण तोपर्यंत त्याच्यासमोर कोणीतरी खूश होऊन चहा ठेवला होता. चहा पिऊन तो परत गेला. आणखी काय करणार?

जत्रा चार दिवसांवर आली. जत्रेच्या समितीचा मुख्य भिकाजी. माणूस वाईट नव्हे, पण सभा दिसली की पुस्तकी बोलू लागतो, आणि त्याला दोन माणसंही सभा वाटतात. तो सखारामच्या पडवीत येऊन कदेलीवर, म्हणजे तिथल्या खुर्चीवर बसला, पाय हलवत. "सखाराम, देवस्थानच्या मंचाचा प्रश्न आहे. तू तसा नाहीस, हे मला व्यक्तिशः ज्ञात आहे. परंतु लोकांचं काय?" मग मूळ बोलीवर आला, "जत्रेदिवशी दुपारी मांडवात सगळे आसतले. थंय एक वाक्य म्हण. 'मी तसो नाय.' सरला. रातीक राणी तुजीच. नायतर बाबाजीन दुसरो कोण तरी बघूचो."

भिकाजी गेल्यावर रुक्मिणी बाहेर आली. "म्हणान टाका मरे. खोटा थोडांच आसा?"

"खरां आसा म्हणानच जीभ उठणा नाय," सखाराम कोयत्याला धार लावत म्हणाला. "मी नाय म्हटलंय, टाळयो पडल्यो, म्हंजे तसो आसणां वायट ठरला. आणि समोर महादेव बसलेलो. त्याणां खंय बघूचा?"

"आणि राणी?"

बाकीच्या गावांत सखाराम बिदागीसाठी राणी करायचा. इथे आपल्या देवापुढे, आपल्या माणसांपुढे. त्याची आई शेवटच्या वर्षी डोळ्यांनी अधू झाली होती, तरी पायांच्या आवाजावरून त्याला ओळखून "इलो माजो झील" म्हणाली होती, ती इथेच. धार लावून झाली तरी तो कोयता दगडावर घासत बसला.

"तुमका चलतला?" रुक्मिणीने विचारलं.

"नाय चलाचा," तो म्हणाला.

पडवीच्या पायरीवर शेजारची एक पोरगेली चेडू बसून हे सगळं ऐकत होती. तिचं काम ऐकणं आणि नंतर गावभर सगळ्यांचे आवाज काढून दाखवणं. तीच प्रस्तुत लेखिका. ती म्हणाली, "दादा, तू म्हणतलस. राणी सोडूक तुज्यान जावचा नाय. लाव पैज."

सखारामने मान वर केली. "लावली. हरलंस तर जत्रा सरापर्यंत कोणाची नक्कल करूची नाय. भिकाजीची सुदा नाय."

हे फार झालं, पण तिने हातावर टाळी दिली. जिंकण्याची खात्रीच होती.

जत्रेच्या दुपारी मांडव भरला. भिकाजी उठून पुस्तकी बोलला, बराच वेळ. मग सखाराम उभा राहिला. धुतलेला सदरा, हात मागे. पहिल्या रांगेत महादेव जमिनीकडे बघत होता. चंद्रावतीकाकी पुढे सरकून कान देऊन बसली.

"मी पाडेली," सखाराम म्हणाला. "तुमच्या सगळ्यांच्या माडांवर चडलेलंय. वरसून सगळ्यांची घरां दिसतत, परसां दिसतत. कोण कोणाकडे जाता, कोण कोणाक बघता, सगळा दिसता. खाली उतरान मी कदी कोणाक विचारूक नाय, तू कसलो तां."

मांडवात पुष्कळ लोक एकदम आपापल्या पायांकडे बघू लागले.

"तर माका पण विचारू नकात. मी सांगूचंय नाय. आसंय म्हणान नाय, नाय म्हणान नाय." आणि तो खाली बसला.

महादेव ताडकन उठला. "मगे मी पण राक्षस करूचंय नाय!"

"तू बस रे," भिकाजी पुस्तकी विसरून म्हणाला. "तुज्याबद्दल कोण काय म्हणता?"

"मीच म्हणतंय ना!"

परत हशा. या वेळी थोडा कमी. मागच्या बाकावरचे दोघेतिघे हसले नाहीत, ते महादेवाच्या मिशीकडे विचार करत बघत राहिले.

सखारामने त्याचा हात ओढून त्याला खाली बसवलं. "तू चड मंचावर. तूय बसलंस तर तसल्यांका मंच नाय अशांच ठरतला, आणि मी बसलंय तां फुकट."

तर त्या वर्षी राणी कोरगावच्या एका पोराने केली, पदराच्या आधी पाय टाकणाऱ्या. राक्षस महादेवने केला आणि लोकांनी त्याला टाळ्या दिल्या. जो होता तो मंचावर गेला आणि जो नव्हता तो खाली बसला. यातलं काय उलटं झालं, ते विचारायचं कोणालाच सुचलं नाही. सखाराम चटईवर रुक्मिणीच्या शेजारी होता. राणीच्या प्रत्येक प्रवेशाला त्याच्या मांडीवरची बोटं निऱ्या घालायची, आणि रुक्मिणीने शेवटी ती बोटं आपल्या हातात धरून ठेवली. "इतक्या वर्सांत पयल्यांदा घोवाबरोबर बसान नाटक बघतंय," ती म्हणाली. "बरां वाटता हो."

आणि पैज? ती गेली. खाज्याच्या दुकानापाशी वाड्यावरची सगळी पोरं जमली होती, "भिकाजीभाऊ कर गो! मांडवातला भाषण कर! एकदाच!" सगळं भाषण जिभेच्या टोकावर आलेलं, खोकल्यासकट. प्रस्तुत लेखिकेने ओठ घट्ट मिटले. सखाराम शेजारी येऊन उभा राहिला आणि त्याने खाज्याची पुडी पुढे केली.

"खा," तो म्हणाला. "तोंड कामाक लागला काय त्रास होणा नाय."