ड्राफ्ट आणा, सही करतो

"तिची एखादी चूक सांगा," स्क्रीनवरचे प्रोफेसर म्हणाले.

असा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. ते जर्मनीतल्या एका युनिव्हर्सिटीत, मी बारामतीजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलचा एचओडी, म्हणजे विभागप्रमुख. व्हिडिओ कॉल सुरू होऊन पाच मिनिटं झाली होती. तोपर्यंत मी भरभरून बोलत होतो. ऋतुजा हुशार, मेहनती, वक्तशीर. वक्तशीर हा शब्द मी दोनदा वापरला.

"चूक म्हणजे, प्रोजेक्टमध्ये काहीतरी बिघडलं असेल ना? मग तिनं काय केलं?" त्यांनी फोड करून सांगितलं.

ऋतुजा ही लासुर्ण्याची मुलगी, आमच्या शेवटच्या वर्षाला. तिला तिकडे मास्टर्स करायचं होतं. या प्रोफेसरांच्या लॅबमध्ये एक जागा होती, शिकता शिकता तिथंच कामही करायचं. जागा एकच, म्हणून ते शिफारस करणाऱ्यांशी स्वतः बोलत होते. तिची शिफारस मी केली होती आणि तिच्या प्रोजेक्टचा गाइडही मीच होतो. आता मी गाइड असून मला तिचा प्रोजेक्ट आठवत का नव्हता, हे सांगायला हवं.

परदेशी शिकायला जायचं तर एलओआर लागतं, म्हणजे शिक्षकानं दिलेलं शिफारसपत्र. हे पत्र शिक्षकानं स्वतः लिहून परस्पर पाठवायचं असतं. आमच्याकडची रीत वेगळी. विद्यार्थी येतो, दारातूनच म्हणतो, "सर, एलओआर पाहिजे होतं." आपण म्हणायचं, "ड्राफ्ट आणा, सही करतो." मग तो सीनियरकडून जुनं पत्र घेतो, नाव बदलतो आणि आणून देतो. आपण सही ठोकतो. मी तर कॉलेजात यासाठी प्रसिद्ध होतो. सर कुणाला नाही म्हणत नाहीत, अशी ख्याती होती आणि ती मला आवडायची. पुण्यातल्या पोरांना सगळं मिळतं, आपल्या पोरांना कोण विचारतो, असं म्हणून मी या आळसाला समाजसेवेचं नाव दिलं होतं.

त्या पत्रात एक वाक्य ठरलेलं असायचं, की हा विद्यार्थी वर्गातल्या टॉप फाइव्ह पर्सेंटमध्ये आहे. साठ जणांच्या वर्गात असे तीन जण बसतात. त्या वर्षी मी त्या तिघांत अकरा जण बसवले होते, ऋतुजा त्यांतलीच एक.

प्रोफेसर थांबले होते. मला काहीतरी बोलणं भाग होतं. आदल्या वर्षीच्या एका मुलीनं पेरणी यंत्र केलं होतं, त्याची चाकं चिखलात रुतली होती आणि मग तिनं ती रुंद केली होती. ते मला आठवत होतं, कारण परीक्षेच्या दिवशी ते यंत्र आमच्या ग्राउंडवरच रुतलं होतं. मी ती गोष्ट ऋतुजाच्या नावावर सांगितली. तिखटमीठ लावून सांगितली. प्रोफेसर लिहून घेत होते. शेवटी त्यांनी आभार मानले. मी लॅपटॉप बंद केला, चहा मागवला आणि शेजारच्या केबिनमधल्या सरांना म्हणालो, "झालं ऋतुजाचं काम."

तिसऱ्या दिवशी ऋतुजा आली. हातात मोबाइल होता. तिनं तो माझ्यापुढे ठेवला. प्रोफेसरांचा मेल होता. तुमच्या गाइडनी सांगितलेला प्रोजेक्ट आणि तुम्ही अर्जात लिहिलेला प्रोजेक्ट वेगळा आहे, त्यातलं तुमचं स्वतःचं काम कोणतं ते आम्हाला कळत नाही, असं लिहिलं होतं.

"सर, मी पेरणी यंत्र कधी केलं?" तिनं विचारलं.

"अगं, बोलता बोलता गल्लत झाली."

"माझा फिल्टर होता सर. रिपोर्टवर तुमची सही आहे."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं झालं असतं, मी रागावू तरी शकलो असतो. ती मोबाइल उचलून गेली. मी कपाटातून तिचा रिपोर्ट काढला. पहिल्याच पानावर सर्टिफिकेट, हे काम माझ्या मार्गदर्शनाखाली झालं, आणि खाली माझी झोकदार सही. पुढची पानं एकमेकांना चिकटलेली होती. बाइंडिंग झाल्यापासून तो रिपोर्ट कुणी उघडलाच नव्हता.

प्रिन्सिपल सरांना सांगितलं. त्यांनी फाइलमधून डोकं वर काढलं नाही.

"लिहा की, दोन मुलींत गोंधळ झाला. एवढे विद्यार्थी असतात. कुणाचाही होतो."

मी तसंच लिहिलं. लाज वाटायला इथूनच सुरुवात व्हायला हवी होती, पण मेल पाठवताना मला हलकंच वाटलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. 'ठीक आहे. मग तिच्या प्रोजेक्टमध्ये तुम्ही स्वतः काय पाहिलं, ते लिहून पाठवा. मी शुक्रवारपर्यंत थांबतो.'

मी स्वतः काही पाहिलंच नव्हतं. तो बुधवार होता. संध्याकाळी घरी नेऊन रिपोर्ट वाचला आणि गुरुवारी सकाळी मोटरसायकल काढून लासुर्ण्याला गेलो.

ऋतुजाचे वडील, त्यांना सगळे तात्या म्हणतात, बांधावरच उभे होते. उसाला लागून त्यांची पेरूची बाग आहे. मला बघून त्यांनी टोपी सारखी केली.

"सर, तुमी सोताच आला व्हय? लई उपकार हायत तुमचं. तुमच्या चिठ्ठीवरच पोरगी जर्मनीला चाललीय."

मी त्यांच्यामागे उभ्या असलेल्या ऋतुजाकडे बघितलं. ती खाली बघत होती. तिनं घरी काहीच सांगितलं नव्हतं.

मी म्हणालो, "मला फिल्टर बघायचाय."

विहिरीजवळच्या शेडमध्ये तो होता. बागेचं पाणी कालव्याचं, विहिरीत साठवलेलं. त्यात गाळ आणि शेवाळ असतं. ठिबकच्या नळ्या चोंदू नयेत म्हणून ते वाळू भरलेल्या टाकीतून गाळतात. पण मग वाळूच चोंदते. ती साफ करायला दिवसातून दोनदा कुणीतरी येऊन वॉल्व फिरवायचा आणि उलट्या दिशेनं पाणी सोडायचं. ऋतुजानं असा वॉल्व केला होता की टाकीच्या दोन बाजूंच्या प्रेशरमध्ये फरक वाढला की तो आपोआप फिरायचा. वीज नको, माणूस नको, सगळा खेळ एका स्प्रिंगचा.

"पयल्यांदा फुटला की ह्यो," तात्या म्हणाले. "सगळी शेड धुऊन निघाली. मी म्हनलं, सोड बाई नाद. तर ही तितंच चिखलात बसून वहीत लिव्हतीय."

"स्प्रिंग फार कडक घेतली होती," ऋतुजा म्हणाली. "माझं गणितच चुकलं होतं. वाळू भिजल्यावर काय होतं ते मी धरलंच नव्हतं. मग तीन आठवडे रोज प्रेशर मोजलं."

"आणि आता कोणती स्प्रिंग आहे?"

"पप्पांच्या जुन्या गाडीच्या ब्रेकची."

फुटलेला वॉल्व खिळ्याला टांगलेला होता. त्याला दोरीनं एक चिठ्ठी बांधली होती, तिच्यावर तारीख आणि चुकलेला आकडा. प्रोफेसरांना हवी असलेली चूक हीच. ती सहा महिने तिथं लटकत होती आणि मी इथून अर्ध्या तासावर बसून मुलगी वक्तशीर आहे म्हणून सांगत होतो.

चहा आला. तात्या परत उपकाराचं बोलू लागले, तेव्हा मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. पत्र मी लिहिलं नव्हतं, वाचलंही नव्हतं. व्हिडिओ कॉलवर दुसऱ्याच मुलीची गोष्ट सांगितली. मग गोंधळ झाला म्हणून खोटं लिहिलं. बोलताना मी कपाकडे बघत होतो.

तात्यांनी हातातला कप खाली ठेवला.

"रिपोर्ट बी वाचला न्हवता?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आमी कारखान्याची वजनाची पावती बी वाचल्याबिगर सही करत न्हाय, सर," ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "च्या घ्या. गार होतोय."

आयुष्यात मला बऱ्याच वरिष्ठांनी झापलं आहे. त्यातलं काही आठवत नाही. तो गार चहा मात्र अजून घशाखाली उतरायचा आहे.

शुक्रवारी मी पत्र लिहिलं. या वेळी कुणाचा ड्राफ्ट नव्हता. आधीच्या पत्रावर मी न वाचता सही केली होती, हे पहिल्या ओळीत लिहिलं. मग फुटलेला वॉल्व, चुकलेलं गणित, ब्रेकची स्प्रिंग. फोटो जोडला. प्रिन्सिपल सरांना दाखवलं नाही.

आठवड्यानं उत्तर आलं. प्रोफेसरांनी लिहिलं होतं की हे पत्र त्यांना पटलं. पण निवड समितीसमोर आता एकाच माणसाच्या सहीची दोन पत्रं होती आणि ती एकमेकांना खोटं पाडत होती. त्यामुळे या वर्षीची जागा दुसऱ्याला दिली आहे. तिनं पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा.

मी ऋतुजाला बोलावून सांगितलं. ती "बरं सर" म्हणाली. माफी मागितली तेव्हाही "बरं सर" म्हणाली. त्या वर्षी ती बावड्याला एका वर्कशॉपमध्ये कामाला लागली. ठिबकचे फिल्टर आणि शेतीची अवजारं बनवणारं साधं वर्कशॉप. मालक आयटीआय झालेले, सगळे त्यांना दादा म्हणतात.

वर्षभरानं हे दादा माझ्या केबिनमध्ये आले. खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"सर, ऋतुजासाठी पत्र लिव्हलंय, जर्मनीला. म्हनली, दादा, तुमीच लिव्हा, मी एक शब्द बी सांगणार न्हाय. माझं इंग्रजी कच्चं हाय. जरा बघता का?"

आठ ओळी होत्या. व्याकरण ठिकठिकाणी लंगडत होतं. त्यात लिहिलं होतं की या मुलीनं माझ्या दोन मोटरी जाळल्या. पहिली जळली ते मला कामगारानं सांगितलं. दुसरी जळली ते तिनं स्वतः येऊन सांगितलं, कारणासकट. तिसरी जळली नाही.

मी हातातला पेन खाली ठेवला. "काही बदलू नका," म्हणालो. "असंच पाठवा."

त्या पत्रावर तिला जागा मिळाली, त्याच लॅबमध्ये. आता ती तिकडेच आहे.

मी अजून एलओआर देतो. ड्राफ्ट मागत नाही. विद्यार्थ्याला समोर बसवतो आणि विचारतो, "तुझी एक चूक सांग." निम्मे जण तिथूनच दुसऱ्या सरांकडे जातात, कारण ते सर सही करतात. उरलेल्यांचं पत्र लिहायला मला दोन-दोन तास लागतात. माणूस नीट बघायला एवढा वेळ लागतो, हे मला एचओडी झाल्यावर कळलं.

ऋतुजाच्या दुसऱ्या अर्जात शिफारस करणाऱ्यांची दोन नावं लागत होती. एक दादांचं होतं. दुसरं आमच्या कॉलेजच्या वर्कशॉप लॅबमधल्या असिस्टंटचं. माझ्याकडे ती आली नाही. तिनं मला सरळ सांगितली नाही अशी तेवढी एकच गोष्ट आहे, आणि ती मला न सांगताच कळली.