मी तिचा अंगठा दुरुस्त केला

मंडळी, आज खूप दमलेय. आठवडाभर मालवण ते देवगड मासळी बाजारांत बायकांना एक खूण शिकवत फिरतेय. घरात मारहाण होतेय आणि बोलायची सोय नाही, तर तळहात समोर धरायचा, अंगठा आत घ्यायचा, त्यावर चार बोटं मिटायची. बघणाऱ्याने समजायचं, हिला मदत हवी.

आजचा बाजार कुठला, ते सांगत नाही.

एक म्हातारी म्हणाली, "एका हातात कोयतो, दुसऱ्यात सुरमय. खूण खंयच्या हातान करू गो?" सगळ्या हसल्या.

शेजारची बांगडेवाली हसली नाही. तिने टोपलीआडून ओला हात वर करून मिटला. परत मिटला. मी म्हटलं, "छान, फक्त अंगठा नीट आत घे." तिने घेतला. मी पुढे गेले.

घरी चहा घेताना आठवलं, ती हाताकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती. आणि तिच्या मागे एक माणूस उभा होता.

तशीच परत गेले. तिची जागा रिकामी. म्हातारी म्हणाली, "मागे उभो होतो ना, तो तिचो घोव. घेवन गेलो तिका." म्हणजे तो तिचा नवराच होता.

उद्या बाजार भरायच्या आधी तिथे जाऊन बसणार आहे.

खूण शिकवणारी मी, आणि मलाच कळली नाही. तुम्हाला कळली असती का?