तीन जादा शब्द

चर्चच्या छापखान्यात त्याला सगळे ‘वेलांटी’ म्हणायचे. अडतीस वर्षं त्यानं प्रुफं वाचली. कुठं ऱ्हस्वाचं दीर्घ झालं की याला घास गोड लागायचा नाही. प्रार्थनापुस्तकं तर इतकी पाठ, की पान समोर येण्याआधी ओठ हलू लागायचे. माणूस सरळ, पण हेकट. बायको गेल्यापासून तर तोंडाला कुलूपच.

एकुलती एक लेक परगावी कॉलेजात शिकवायची. आईच्या दफनानंतर चार वर्षं ती घरी फिरकली नव्हती. आणि एक दिवस तिच्या पुस्तकाची प्रुफंच दारात येऊन पडली. वर चिठ्ठी: अप्पा, तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापायचं नाही. तुम्ही तपासून परस्पर छापखान्यात धाडा. वेलांटी असा काही हरखला, की चष्मा नाकावर असताना घरभर शोधत फिरला.

पुस्तक भलतंच अवघड निघालं. ज्यांचा देवावर काडीचा विश्वास नाही असे विचारवंतही म्हणे हल्ली येशूच्या मरणात डोकं घालून बसलेत. वधस्तंभावर नुसता माणूस नाही, वर बसून हुकूम सोडणारा देवच मेला, असं त्यांच्यातले काही म्हणतात. लेक त्यापुढं जाऊन लिहीत होती, की शुक्रवारी मरण आणि रविवारी पुनरुत्थान. मधला शोकाचा शनिवार कुणालाच नको असतो. रडणाऱ्याला लवकर गप्प केलं की सत्तेचं बरं चालतं, मग ती राजाची असो, चर्चची असो, नाहीतर घरातली.

वेलांटीला निम्मं कळलं नाही. समजून घ्यायचं त्याचं कामही नव्हतं; तो काना-मात्रा बघत गेला. शेवटच्या पानावर एकच ओळ होती: ‘तो मेला, पुरला गेला.’ पुढं सगळं कोरं. खिळे जुळवणाऱ्यानं शब्द खाल्ले मेल्यानं, असं पुटपुटत त्यानं प्रार्थनापुस्तकातले पुढचे शब्द समासात लिहिले, ‘तिसऱ्या दिवशी उठला’. पुस्तक तसंच छापून आलं.

लेकीचा फोन आला. तो सवयीनं सांगू लागला, की अगं, शब्द सुटले होते.

“सुटले नव्हते, अप्पा. मी तिथं थांबले होते. आईच्या पेटीवर माती पडत होती, तेव्हाही तुम्ही माझ्या कानात हेच म्हणालात. मला रडू दिलं नाहीत.”

तिनं फोन ठेवला.  वेलांटीला तेव्हा खरंच पोरीचं रडणं बघवलं नव्हतं. आणि आपलं रडू फुटेल, याची त्याहून जास्त भीती वाटली होती.

मग त्यानं ते पुस्तक पेन हातात न घेता वाचलं. चार दिवस लागले. पाचव्या दिवशी प्रत्येक प्रतीत चिकटवायचं शुद्धिपत्र लिहिलं आणि आधी लेकीला फोनवर वाचून दाखवलं:

“शेवटच्या पानावरचे शेवटचे तीन शब्द लेखिकेचे नाहीत. ते तिच्या वडिलांचे आहेत. वाचकांनी ते...”

‘वगळावेत’ काही तोंडातून निघेना. चार वर्षांचं साचलेलं रडू एकदम आलं, आणि म्हातारा लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

पलीकडून लेक ‘उगी’ म्हणाली नाही. फोन कानाला धरून तशीच बसून राहिली.