परतीचं ओझं

जहाजांच्या धंद्यातली भागीदारी मी एका बैलगाडीपायी घालवली. गाडी माझीच होती, बैलही माझेच. घालवायला दुसऱ्या कुणाची मदत लागली नाही.

पोलीस ॲक्शन नुकतंच होऊन गेलं होतं. निजाम गेला, आमच्या घरचं कुलकर्णीपण जायच्या बेतात होतं, ऐट तेवढी शाबूत होती. गावातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा माझा वर्गमित्र. आम्ही दोघं गावचा कापूस लासूर स्टेशनला पोचवायचो. गाडी माझी, डोकं त्याचं. बाकीच्यांच्या गाड्या माल उतरवून मोकळ्या परतायच्या. हा मात्र मालधक्क्यावर हिंडून मीठ, कौलं, रॉकेल, काहीतरी मिळवायचाच.

"रिकामी गाडी बी बैलच वढत्यात नव्हं? चारा तेवढाच खात्यात," म्हणायचा.

एकदा तो तापानं पडला, म्हणून मी एकटाच गेलो. परतीचं ओझं त्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं: हाडांच्या खताची पोती. ती पाहिली आणि माझ्या अंगातले सगळे पूर्वज एकदम उठून बसले. आमच्या गाडीत हाडं? मी रिकामी गाडी अशा ताठ मानेनं गावात आणली, की जणू धर्म माझ्याच भरवशावर उभा होता.

तो अंथरुणातूनच म्हणाला, "पंत, हाडं कशाला बघितली? भाडं बघायचं!"

भांडला नाही. पुढच्या हंगामात त्यानं दुसऱ्याची गाडी धरली, एवढंच.

मग ट्रक आला, मग मुंबईची गोदी. नांगरलेल्या जहाजांपर्यंत माल नेणाऱ्या होड्या तो चालवू लागला. त्याही रिकाम्या परतेनात. मग एक गंजकं जहाज घेतलं. वाटेल तो माल भरतो म्हणून मोठे जहाजवाले हसले. पुढं त्यांचीच जहाजं यानं विकत घेतली. गावच्या विहिरीत उतरायला घाबरणारा हा माणूस! मी औरंगाबादेत मास्तर झालो आणि वर्गात त्याचा उल्लेख 'आमचे भागीदार' असा करू लागलो.

आमचे चिरंजीव बी.कॉम. होऊन शहागंजातल्या एका दुकानात कापड फाडत बसले होते. बायको म्हणाली, "मुंबईला जा, पोरासाठी एक शब्द टाका. बाकी काही बोलू नका." सोबत धपाट्यांचा डबा दिला.

मुंबईच्या कचेरीत त्यानं मला स्वतःशेजारी बसवलं, शिपायासमोर बोटं चाटत धपाटे खाल्ले.

"पंत, लई दिसांनी! काय काम काढलंस?"

रेल्वेत रात्रभर घोकलेलं वाक्य ओठांपर्यंत आलं. पण जुने पूर्वज पुन्हा उठले. मागायचं? आणि याच्याकडं?

"काही नाही, सहज आलो."

"खरंच काय नाय? बघ बरं."

"छे छे! तुझ्या कृपेनं सगळं छान आहे."

त्यानं शिपायाला हाक मारून माझा डबा काजूंनी गच्च भरवला. "लेकराबाळांच्या घरी रिता डबा धाडू नाय," म्हणाला.

घरी आलो. दारातच बायकोनं विचारलं, "पोराचं काय झालं?" मी डबा पुढं केला. तिनं झाकण उघडलं, काजू पाहिले, मग मला नीट पाहिलं.

"डबासुद्धा भरून आला," ती म्हणाली. "रिकामे आलात ते तेवढे तुम्हीच."