द्रोणांचं अस्तर

सोसायटीचा खतखड्डा आज उपसला, तर काळ्या मातीतून गेल्या वर्षीच्या गणपतीच्या महाप्रसादाचे द्रोण वर आले. प्लास्टिक नको म्हणून मीच हट्टाने कागदी आणले होते आणि जेवणं झाल्यावर खड्ड्यात टाकायला लावले होते.

"ताई, धुऊन घेतले तर यंदाही चालतील," माळीकाका म्हणाले.

मी एक उचलला. कागद गळून पडला आणि आतलं पातळ प्लास्टिक बोटांना चिकटलं. शिसारी आली, त्याची आणि दुकानात द्रोणाच्या आत बोटही न फिरवणाऱ्या माझीही. आता हे खत वाफ्यांना कसं घालायचं?

केळीच्या साली, निर्माल्य, 'कागदी द्रोण'पुढे बरोबरची खूण करून मीच इथे टाकलेली खरेदीची यादी, सगळ्याची माती झाली होती. अस्तरं तेवढी चकचकीत होती.